कोचीन बंदराची फेरी

सुट्टीत दक्षिणेकडे सहल निघाली तर कोचीन, म्हणजे आजचे कोची, टाळू नका. फोर्ट कोचीनच्या किनाऱ्यावर पोहोचताच वाटाड्या तुम्हाला गाठेल आणि प्रथम चिनी जाळ्यांपाशी उभे करील. लांब वाशांना बांधलेली ही अजस्र जाळी दगडांच्या वजनावर तोलून चार-सहा माणसे पाण्यात सोडतात व उचलतात. मुलांना तेथून हलवणे कठीण जाते.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. १५२४ साली नाताळच्या आदल्या दिवशी वास्को द गामा याच शहरात वारला व येथे पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. दगड तेवढा राहिला. वाटाड्या म्हणेल, याने हिंदुस्थानचा मार्ग शोधला. तो युरोपला सापडला, हे खरे. परंतु अरब, गुजराती व मलबारचे मोपले व्यापारी त्याच्या कितीतरी आधीपासून या समुद्रातून मिरी नेत होते. १५०२ च्या सफरीत याच गामाने मक्केहून परतणारे एक जहाज यात्रेकरूंसह, बायकामुलांसह जाळले. ही हकीकत कोणा शत्रूने रचलेली नव्हे. त्याच्याच ताफ्यातील तोमे लोपेश याने ती लिहून ठेवली आहे. तो दगड पाहताना हेही ठाऊक असावे.

मग पोर्तुगीजांना येथे थारा दिला कोणी? खुद्द कोचीनच्या राजाने. कालिकतचा झामोरिन बलाढ्य, त्याच्याविरुद्ध राजाला पाठबळ हवे होते. म्हणून १५०३ साली किल्ल्याला परवानगी मिळाली. आरंभी कोचीनचे मरक्कार हे मुसलमान व्यापारीही पोर्तुगीजांना माल पुरवीत. पण पुढे पोर्तुगीजांचा परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत, घेतल्याशिवाय जहाज हाकारणे अशक्य झाले; तेव्हा यांतील अनेकजण झामोरिनकडे गेले. त्याच्या आरमाराचे कुंजाली मरक्कार याच घराण्यांतले मानले जातात. चौथ्या कुंजालीचा गोव्यात १६०० साली शिरच्छेद झाला.

या झगड्याची आपल्या बाजूची हकीकत पोन्नानीच्या शेख जैनुद्दीन मखदूम यांनी अरबीत लिहिली. ‘तुहफतुल मुजाहिदीन’ हा तो ग्रंथ त्यांनी विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केला. मलबारच्या विद्वानाने विजापूरकडे का पाहावे? याच आदिलशहाने १५७० मध्ये गोव्याला वेढा घातला होता आणि त्याच सुमारास अहमदनगरच्या निजामशहाने आपल्या कोकणातल्या चौलला. दोन्ही वेढे फसले, ही गोष्ट निराळी.

डचांनी १६६३ साली कोचीन घेतले आणि १७९५ साली ते इंग्रजांकडे गेले. इंग्रजांनी किल्ल्याचा तट पाडला, म्हणून किल्ला शोधू नका.

मट्टांचेरीला मात्र सावकाश फिरा. तेथला ‘डच पॅलेस’ पोर्तुगीजांनी राजासाठी सुमारे १५५५ साली बांधला. डचांनी केली ती दुरुस्ती, आणि नाव मिळाले त्यांना! भिंतींवर रामायणातील चित्रे आहेत. शेजारीच यहुद्यांचे १५६८ चे प्रार्थनामंदिर आहे, त्याची फरशी चिनी, निळ्या नक्षीची. शनिवारी ते बंद असते. मल्याळम भाषेत मशिदीला ‘पळ्ळी’ म्हणतात आणि चर्चलाही पळ्ळीच. यहुद्यांच्या या मंदिरालाही तोच शब्द आहे. वाटाड्याला कोचंगाडीच्या जुन्या चेंबिट्टा पळ्ळीकडे न्यायला सांगा. ही मशीद त्याच्या ठराविक फेरीत बहुधा नसते.

परतताना मट्टांचेरीच्या बाजारात कान उघडे ठेवा. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून येथे आलेल्या गौड सारस्वतांचे वंशज अजून घरी कोकणी बोलतात. रत्नागिरी-रायगडकडच्या मुलांना त्यातले बरेच शब्द ओळखीचे वाटतील.