तारेची खरखर आणि कारागिराचा हात

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत झाले. त्यामुळे असेल, पण राजे कोण होते यापेक्षा काम कोणी केले, कोणत्या अवजाराने केले, आणि ते अवजार पुढे कोणाच्या ताब्यात गेले, हे प्रश्न आम्हास अधिक जवळचे वाटतात. आज आम्ही आपणांस एका लोखंडी सळईची हकीकत सांगणार आहोत. ही सळई इलेक्ट्रिक गिटारच्या दांडीच्या पोटात असते. तिला ट्रस रॉड म्हणतात.

शेवगावच्या व्यासपीठावर गिटार कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु लग्नसराईत आणि गणेशोत्सवात जे ऑर्केस्ट्रे आपण ऐकतो, त्यांत गिटार असतेच, आणि ते वाजविणारी मुले आपल्याच गावांतली असतात. त्यांची एक तक्रार ठरलेली. ती म्हणजे, दाबलेल्या तारेतून स्वच्छ स्वर निघण्याऐवजी खरखर ऐकू येते. अशा वेळी "दांडी गेली, आता नवे घ्या" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक बहुतेक वेळा दांडी गेलेली नसते. ती केसभर वाकलेली असते, आणि ती सरळ करण्याची सोय तिच्या पोटातच करून ठेविलेली असते.

ही सोय समजण्यासाठी आधी दुखणे समजले पाहिजे. इलेक्ट्रिक गिटारच्या सहा पोलादी तारा सुरात लावल्या म्हणजे त्यांचा एकूण ताण सुमारे 45 किलो होतो. म्हणजे जवळजवळ धान्याचे एक पोते त्या बारीक लाकडी दांडीला रात्रंदिवस पुढे ओढीत असते. शिवाय लाकूड हवेप्रमाणे हलते. आपल्याकडे मे महिन्यात ते सुकते, पावसाळ्यात ओल पिते. दांडीवर पितळी वा तत्सम धातूचे पडदे ठोकलेले असतात. दांडीला पुढे किंचित बाक हवाच, कारण छेडलेली तार मध्यभागी अधिक हेलकावते आणि तिला तेवढी जागा लागते. बाक मुळीच नसला किंवा दांडी मागे झुकली, तर हलणारी तार पुढच्या पडद्यांवर आपटते. तीच ती खरखर. उलट बाक फार झाला तर तारा उंच होतात आणि बोटे दुखू लागतात.

बाजार समितीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण लोखंडी कैच्या पाहतो. इंग्रजीत त्यांना ट्रस म्हणतात, आणि सळईचे नाव तिथलेच. दांडीतील खोबणीत ही सळई बसविलेली असते. तिचे एक टोक पक्के असते, दुसऱ्या टोकाला आटे पाडून नट चढविलेला असतो. नट आवळला की सळई तारांच्या ओढीविरुद्ध जोर लावते आणि पुढे आलेली दांडी मागे येते. नट सैल केला की तारा दांडीला पुन्हा पुढे ओढतात. दोन ओढींचा समतोल, एवढेच त्यातील शास्त्र आहे.

दुरुस्तीची रीत ज्यांना हवी असेल त्यांच्यासाठी तीही सांगून ठेवितो. प्रथम तारा नेहमीच्या सुरात लावाव्यात, कारण सैल तारांवर केलेली परीक्षा खोटी ठरते. मग जाड तार पहिल्या पडद्यावर एका हाताने आणि दांडी जेथे धडास मिळते तेथे दुसऱ्या हाताने दाबावी. ताणलेली तार हीच आता आपली फूटपट्टी झाली. सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट असावी. फट नसेल आणि पहिल्या काही पडद्यांवर खरखर असेल, तर नट थोडा सैल करावा. फट फार असेल तर आवळावा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक फिरवू नये. मग सूर पुन्हा लावावा, थोडा वेळ जाऊ द्यावा, आणि पुन्हा पाहावे. नट अडला तर जोर करू नये, कारण सळई तुटली की दांडीच जाण्याची वेळ येते. खरखर एकाच पडद्याजवळ असेल तर एखादा पडदा वर आलेला असतो. ती फक्त शेवटच्या पडद्यांवर असेल तर घोडीची उंची पाहावी. या दोन दुखण्यांवर सळईचा इलाज नाही.

आता या सळईच्या जन्माकडे वळू. जुन्या स्पॅनिश गिटारला आतड्याच्या तारा असत. त्यांचा ताण कमी, म्हणून नुसते लाकूड पुरे पडे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पोलादी तारांचा प्रसार झाला तेव्हा कारागिरांपुढे दोनच वाटा राहिल्या. दांडी जाडजूड करावयाची, किंवा लाकडाच्या मदतीस लोखंड घ्यावयाचे. मिशिगन राज्यातील कॅलमझू या गावी गिब्सन कंपनीचा वाद्यांचा कारखाना होता. तेथे काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू याने आवळता-सोडता येईल अशी सळई योजिली. त्याने 1921 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1923 साली ते मंजूर झाले. त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून 17 वर्षे असे, म्हणजे 1940 साली ही युक्ती सर्वांना खुली झाली.

या सळईमुळे दांडी बारीक झाली आणि हात तिच्यावर सहज फिरू लागला. गिब्सनने 1936 साली ईएस-150 हे इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणले. तेथून वाद्याचा आवाज लाकडापेक्षा लाउडस्पीकरवर अधिक अवलंबून राहू लागला आणि तारा खाली, पडद्यांच्या अगदी जवळ ठेवण्याची हौस वाढली. तारा जितक्या खाली, तितकी खरखरीची भीती अधिक. म्हणजे सळईची गरज वाढली. तरीही सगळ्यांनी ती एकदम स्वीकारली असे नाही. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने 1950 साली पहिली गिटारे केली ती सळईवाचून. कठीण मेपल लाकूड असताना ती कशाला, असा त्याचा विचार होता. त्याच वर्षी त्याला मत बदलून सळई बसवावी लागली. मार्टिन या जुन्या कंपनीने तर आवळता येणारी सळई 1985 पर्यंत घेतली नाही.

या कथेतील एक प्रकरण आम्हास विशेष वाटते. दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली आणि कॅलमझूच्या कित्येक गिटारांतून सळई गेली. दांडी पुन्हा जाड करावी लागली. पुरुष कामगार सैन्यात गेले होते, म्हणून ही गिटारे घडविणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आज त्या काळातील गिटारांना जाणते लोक मोठा मान देतात. परंतु त्या स्त्रियांची नावे कित्येक दशके कोणी विचारली नाहीत. पुढे कंपनीचे काम नॅशव्हिल येथे गेले आणि 1984 साली कॅलमझूचा कारखाना बंद झाला. पेटंट, छाप, नाव सारे मालकाबरोबर गेले. गावात उरले ते कामगारांच्या हातातले ज्ञान. त्याच्याच जोरावर काही जुन्या कामगारांनी 1985 साली त्याच जुन्या इमारतीत हेरिटेज नावाने गिटारे करावयास आरंभ केला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या शेवगाव-पाथर्डी भागातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. त्यांतील काही सांगली-कोल्हापूरकडील कारखान्यांवर जातात. त्या कोयत्यांच्या मजुरीचे प्रश्न घेऊन आम्हासही तिकडे जावे लागते. अशाच फेऱ्यांत मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाण्याचा योग आम्हास अनेकदा आला. तेथे खरखरीचा निराळाच इतिहास आमच्यापुढे उलगडला.

मिरजेच्या या धंद्याचे मूळ पुरुष फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे तरवारींना धार लावणाऱ्या जमातीतले. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा पटवर्धनांच्या मिरजेत या मंडळींनी वाद्यदुरुस्ती आणि पुढे वाद्ये घडविणे पत्करले. दांडीला तुणीचे लाकूड आणि खाली पंढरपूर-मंगळवेढे भागातील भोपळा, असा हा माल. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, विष्णु दिगंबर पलुसकर, अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्यांचा या गावाशी संबंध. गवयाचा कान आणि कारागिराचा हात एकाच पेठेत राहत होते, म्हणून हा धंदा वाढला.

गिटारवाला जी खरखर घालविण्यासाठी धडपडतो, तिचीच सख्खी बहीण मिरजेचा कारागीर मुद्दाम जन्माला घालतो. तंबोऱ्याची घोडी पसरट असते. तिचा माथा तो कानसेने घासून इतका हलका उतार देतो की हलणारी तार त्या उतारास स्पर्श करीत, सोडीत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती वा रेशमी दोरा सरकवून नेमकी जागा साधली की तंबोरा बोलू लागतो. यास जवारी म्हणतात. येथे नट नाही, आटे नाहीत. नजर, कान आणि कानस एवढीच सामग्री. वाजवून वाजवून घोडीवर चर पडली की जवारी उतरते आणि वाद्य पुन्हा त्याच हाताकडे न्यावे लागते. सतारीचे पडदेही ठोकलेले नसतात. ते दोऱ्याने बांधलेले असल्यामुळे वादक ते सरकवू शकतो. तरवारीचे पाते नजरेने पारखणाऱ्यांच्या वंशजांस घोडीचा हा उतार साधावा, यात आश्चर्य कसले?

काळाचा एक योग पाहा. ज्या 1921 साली मॅकह्यूने अर्ज केला, त्याच साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात तंबोरा आणि वीणा यांच्यावरील आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू पडतो ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपीय शास्त्राचा नियम होता. या वाद्यांत ते उमटतात आणि त्याचे कारण घोडीच्या त्या पसरट माथ्यात आहे, असे रामन यांनी दाखविले. म्हणजे निरक्षर म्हणून ज्यांना हिणवावे अशा कारागिरांनी बोटांनी जे साधले होते, ते समजण्यास पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारा शास्त्रज्ञ लागला.

या दोन हकीकती शेजारी ठेविल्या म्हणजे आम्हास एक गोष्ट स्पष्ट दिसते. कॅलमझूच्या कामगाराने आपले ज्ञान सळईत आणि कागदावर उतरविले. त्यामुळे ते जगभर गेले आणि शेवगावचा मुलगाही आज एका षटकोनी किल्लीने आपले गिटार नीट करू शकतो. ही गोष्ट लहान नाही. मिरजेच्या कारागिराचे ज्ञान हातातच राहिले. त्यामुळे ते कोणी पळवून नेऊ शकले नाही, परंतु तो हात थांबला की तेही थांबते. आज तंबोऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक पेटी आणि मोबाइलमधील तंबोरा आला आहे. घरची मुले दुसऱ्या कामास जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही. चांगली जवारी शिकण्यास वर्षे लागतात, त्या वर्षांत पोट कसे भरावे?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंदच आहे. परंतु हा कायदा मालाच्या नावाचे रक्षण करतो. कारागिराच्या मजुरीविषयी तो काही बोलत नाही. नाव सुरक्षित झाले आणि हात रिकामा राहिला, असे घडू नये. ऊस तोडणारा असो, घोडी घासणारा असो, त्याच्या हातातल्या कसबाला "सवय" म्हणून मोकळे होण्याची आपल्या समाजाची रीत आहे. सवयीला मजुरी कमी दिली तरी चालते, कसबाला द्यावी लागते. म्हणूनच हा शब्दांचा वाद नाही, हा पोटाचा वाद आहे, असे आम्ही मानतो.

यावर उपाय काय? आमच्या मते दोन गोष्टी एकाच वेळी व्हावयास हव्यात. पहिली, कारागीर काम करीत असता त्याच्या रीतीची तपशीलवार नोंद व्हावी, चित्रफीत घेतली जावी, आणि त्या नोंदीवर त्याचे नाव असावे. दुसरी, शिकणाऱ्याला शिकण्याच्या काळात जगण्यापुरते विद्यावेतन मिळावे आणि शिकविणाऱ्यालाही त्याचे मोल मिळावे. नोंद झाली पण मोल मिळाले नाही, तर कॅलमझूच्या त्या स्त्रियांची गत होईल. मोल मिळाले पण नोंद नसली, तर एका पिढीनंतर सारे संपेल.

आणि हे सरकारनेच करावे असे नाही. आपल्या भजनी मंडळांत, शाळांत, घराघरांत वीणा आणि तंबोरे आहेत. त्यांची जवारी उतरली असेल तर वाद्य माळ्यावर टाकू नका, ते जाणत्या कारागिराकडे न्या. मुलाचे गिटार खरखरत असेल तर नवे घेण्यापूर्वी दांडीची फट पाहा. कारागीर काम करीत असेल तेव्हा शेजारी बसा, काय करतोस हे विचारा, वहीत लिहून ठेवा, आणि उठताना त्याने सांगितलेली मजुरी घासाघीस न करता द्या.