तोड्याची बंदूक

आमच्या काही घरांत दसऱ्याच्या शस्त्रपूजेला तलवारीशेजारी एक लांब नळीची जुनी बंदूक मांडतात. ती बहुधा तोड्याची असते.

सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी म्हणजे तोडा किंवा जामगी. तोंडाकडून दारू-गोळी ठासायची, नळीच्या छिद्राजवळच्या वाटीत रंजक, म्हणजे बारीक दारू, भरायची. चाप ओढला की पेटता तोडा रंजकीवर टेकतो आणि बार उडतो.

पावसात तोडा विझे, अंधारात त्याचा निखारा शत्रूला दिसे. तरी चकमकीची बंदूक आल्यावरही ही एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. महादजी शिंद्यांसाठी डी बॉइनने १७८४ पासून उभारलेल्या कवायती फौजेतही तोडेवाले नजीब होते. चकमकीला उत्तम पोलादी कमान आणि गारगोटी लागे. तोड्याची बंदूक गावचा लोहारही दुरुस्त करी.

घरी अशी बंदूक असल्यास ती पॉलिश कागदाने घासू नये. नळीवरील नक्षी आणि कारागिराची खूण जाते. आत जुना बार असू शकतो, म्हणून जाणकाराकडून तपासून घ्यावी. आणि ती कोणत्या पूर्वजाची, कुठून आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे. आमच्या मते बंदुकीइतकीच ही आठवणही जपण्याजोगी आहे.