नावलौकिकाची मालकी : सेलम, पुणे आणि संगमनेर

तौलनिक साहित्याच्या तासाला हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) ही कादंबरी निघाली की विद्यार्थी हमखास विचारतात, कापडावरच्या एका अक्षराचे एवढे भय कशासाठी? याचे उत्तर प्युरिटन समाजाच्या रचनेत सापडते. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६३१ पासून मताधिकार चर्चच्या सदस्यांपुरता मर्यादित झाला आणि पुढे सदस्यत्वासाठी ईश्वरी कृपेचा अनुभव मंडळीसमोर कथन करावा लागू लागला. अंतरीची कृपा कोणालाच दिसत नाही. दिसते ते वर्तन. साहजिकच नावलौकिक हाच आत्म्याचा पुरावा ठरला, आणि तो तपासण्याचा अधिकार शेजाऱ्यांकडे गेला. सेलममध्ये १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली. कबुली देणारे बहुधा वाचले, नाकारणारे फासावर गेले. आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल' (१९५३) नाटकातला जॉन प्रॉक्टर खोट्या कबुलीखाली आपले नाव राहू देत नाही, त्यामागे हा इतिहास आहे.

आपल्याकडे कृपेची जागा आचाराने घेतली होती. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी चहापानाला गेली. उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली, तेव्हा ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहा पोटात गेला तेव्हा कोणी बाटले नव्हते. नावे छापली गेली तेव्हा बाटले! रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले व सुधारकांचा रोष पत्करला. पंक्ती सांभाळावी तर एक लौकिक जातो, न सांभाळावी तर दुसरा, असा तो पेच होता.

आमच्या संगमनेरच्या अनंत फंदीची (१७४४–१८१९) कथा याच्या शंभर वर्षे आधीची. घोलप आडनावाच्या घरातला हा यजुर्वेदी ब्राह्मण डफ घेऊन तमाशाच्या फडात उभा राहिला. ब्राह्मणाला हे शोभत नाही, असे अहिल्याबाई होळकरांनी सुनावताच त्याने डफ फोडला व तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, ती सांगावीशी वाटणे हाच आमच्या मते इतिहासाचा पुरावा होय. शाहिराची कला समाजाला हवी होती. त्याचे नाव मात्र कीर्तनकाराचे हवे होते. तमाशाच्या फडातल्या इतर जातींच्या कलावंतांना मात्र कोणी डफ फोडावयास सांगितले नाही, कारण त्यांच्याजवळ राखण्याजोगे नाव आहे असे कोणी मानतच नव्हते. नावलौकिकाचा विचार करताना ही विषमता नजरेआड करून चालणार नाही.

सदाचाराचा उपदेश करणारे फंदीचे फटके आजही लोकांच्या तोंडी आहेत. त्याचे 'फंदी' हे नाव मात्र मलिक फंदी या फकीर मित्राच्या संगतीतून पडले, असे सांगतात. ज्या संगतीने लौकिक जाण्याचे भय होते, तिनेच दिलेल्या नावाने मराठी साहित्य त्याला ओळखते. घोलप हे आडनाव अभ्यासकांनाच ठाऊक असते.