सर्व मृतांचा स्मरणदिन : २ नोव्हेंबर

दरवर्षी २ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा सर्व मृत श्रद्धावंतांचे स्मरण करते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आदी उपनगरांतील भाविक आपल्या आप्तांच्या कबरी स्वच्छ करून फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात. दफनभूमीत मिस्साबलिदान अर्पण केले जाते आणि धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडून कबरींना आशीर्वाद देतात.

हा दिवस म्हणजे 'सॉविन' या ख्रिस्तपूर्व सणाचेच रूपांतर होय, असे अलीकडे तरुणांच्या वाचनात येते. म्हणून थोडी माहिती देत आहोत.

सॉविन

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होणारा हा आयर्लंड व स्कॉटलंडमधील जुना सण. सुगी संपे, गुरे कुरणांवरून परत येत आणि हिवाळा सुरू होई. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुढे आणलेल्या विक्का पंथाने आपल्या आठ ऋतुसणांत त्याला स्थान दिले. या पंथाचे अनुयायी त्या रात्री पूर्वजांच्या तसबिरी मांडतात, दिवे लावतात. काही जण मृतांसाठी पान वाढून मौनाने जेवतात.

आपल्या दिवसाचा उगम

आपला स्मरणदिन मात्र मठातून आला. फ्रान्समधील क्लुनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांनी ९९८ च्या सुमारास आपल्या मठांत २ नोव्हेंबर हा दिवस मृतांच्या प्रार्थनेसाठी नेमून दिला. तेथून तो सर्वत्र पसरला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी या दिवशी प्रत्येक धर्मगुरूस तीन मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिली.

भेद कोठे आहे?

पूर्वजांची ओढ सर्व मानवांत सारखीच आहे. आपले हिंदू शेजारी भाद्रपदात पितृपक्ष पाळतात. ही ओढ आदरणीयच आहे. परंतु मृतात्म्यांना बोलावणे व त्यांच्याकडून भविष्य जाणून घेणे ख्रिस्तसभेने निषिद्ध मानले आहे. आपण त्यांना बोलावत नाही. त्यांना देवाच्या हाती सोपवतो. मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथात (१२:४३-४६) यहूदा मक्काबी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या पापक्षमेसाठी बलिदान अर्पण करावयास यरुशलेमला द्रव्य पाठवतो. शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी आपण करतो ती प्रार्थना याच परंपरेतील होय.

उपनगरांत जागा अपुरी आहे. अनेक दफनभूमींत काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्यासाठी उघडावी लागते व अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवल्या जातात. कबर गेली म्हणजे आपला माणूस पुन्हा गेला, असे दुःख अनेक कुटुंबे आमच्याजवळ बोलून दाखवतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो : प्रत्येक मिस्सामध्ये मृतांचे स्मरण होते, आणि त्यासाठी कबरीवरील पाटी लागत नाही.

१ ते ८ नोव्हेंबरपर्यंत दफनभूमीस भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करावी. जिच्याजवळ कुणीच येत नाही, अशा एखाद्या कबरीवरही एक मेणबत्ती लावावी, ही विनंती.