डब्यातली वही आणि द्राक्षाचा मळा



आज आम्ही तुम्हाला एका खेळाची आणि एका मळ्याची गोष्ट सांगणार आहोत. खेळ आहे लपवलेला डबा शोधण्याचा. मळा आहे द्राक्षाचा, आणि त्या द्राक्षांची होते वाइन. वाइनचं नाव काढलं की तुमच्यातल्या कितीजणींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्हाला माहीत आहे. दारूनं घराचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. त्यावरही बोलूच. आधी खेळ समजून घेऊ.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबा एखाद्या जागी लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना सांगायचे. ज्यांना शोधायचा त्यांनी मोबाइल घेऊन निघायचं. अक्षांश-रेखांश म्हणजे पृथ्वीवरच्या जागेचा गट नंबरच समजा. आपलं बीड शहर साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आणि पावणेशहात्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. आभाळात फिरणारे उपग्रह मोबाइलला ही जागा सांगतात.

हे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. सामान्य माणसाला मिळणारी माहिती ते मुद्दाम थोडी चुकवत. त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडे-तिकडे दिसायची. मे 2000 च्या सुरुवातीला ही चुकवाचुकवी बंद झाली. लगेच 3 मे रोजी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं एक बादली रानात ठेवली. तिच्यात पुस्तकं होती, थोड्या किरकोळ वस्तू होत्या आणि एक वही होती. नियम साधा : काही घ्या, काही ठेवा आणि वहीत नाव लिहा. आज जगभरात असे 30 लाखांहून जास्त डबे आहेत.

गुप्तधन म्हटलं की आपल्याकडे अंगावर काटा येतो. त्या नादानं किती गढ्या उकरल्या गेल्या, किती देवळांच्या पायऱ्या उखडल्या. महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकारही गुन्हा ठरले. हा खेळ त्याच्या अगदी उलटा आहे. डब्यात सोनं नसतं. जमीन खणायला मनाई असते. जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी लागते. आणि डबा सापडला की उचलून न्यायचा नाही, होता तिथेच परत ठेवायचा.

तशी या खेळाची आजी फार जुनी. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचं ओसाड माळरान आहे. तिथे 1854 साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं एक बाटली ठेवली. चालत चालत तिथवर पोचलेला माणूस आपल्या नावाचं कार्ड त्या बाटलीत टाकायचा. ‘मी इथे आलो होतो’ एवढंच त्याला सांगायचं असायचं. खेळ बदलला, पण नाव लिहिणं तेच राहिलं.

परदेशात जुन्या घराण्यांच्या द्राक्षमळ्यांच्या भागातही हा खेळ चालतो. अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्यांच्या खुणा असतात : दगडी तळघर, लाकडी पिंपं, पणजोबानं लावलेला वेल. डबा शोधता शोधता पाहुण्याला त्या घराण्याची गोष्ट कळते.

त्यातली एक गोष्ट बाईची आहे. फ्रान्समध्ये क्लिको नावाचं वाइन करणारं घराणं होतं. 1805 साली त्या घरचा मुलगा वारला. बायको बार्ब-निकोल तेव्हा 27 वर्षांची, पदरात एक मुलगी. तिथल्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय व्यवहार करता येत नसे. विधवेला मात्र करता येई. तिनं सासऱ्याचं मन वळवलं आणि धंदा हातात घेतला. बाटलीतला गाळ काढणं ही त्या धंद्यातली मोठी अडचण होती. तिच्या कारखान्यात भोकं पाडलेल्या फळ्यांत बाटल्या उलट्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवायची पद्धत निघाली. गाळ तोंडाशी यायचा आणि सहज काढून टाकता यायचा. तिच्या मालाचं नाव पडलं ‘वव्ह क्लिको’. वव्ह म्हणजे विधवा. आपल्याकडे ज्या बाईला मंगलकार्यात मागे उभं करतात, तिचंच नाव तिथे दोनशे वर्षं बाटलीवर झळकतं आहे.

आता आपल्याकडे येऊ. द्राक्ष मराठवाड्याला नवं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं लिहून ठेवलं. आजही आपल्याकडे द्राक्षवेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. नाशिककडे ओझरला 1925 मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षशेती सुरू केली. 1980 च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी वाइनचा कारखाना काढला. मग नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंत यांनी आपल्या कुटुंबाच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली. त्यांची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, म्हणजे तो पहिला डबा रानात ठेवला गेला त्याच साली. त्यांनी नाव दिलं ‘सुला’, आईच्या ‘सुलभा’ या नावावरून. आज तो मळा बघायला लांबून पाहुणे येतात.

2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं. 2022 च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा राज्यभर वाद पेटला. एक बाजू म्हणाली, शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल. दुसरी म्हणाली, किराण्याच्या दुकानात बाटली आली तर घरात यायला किती वेळ? आमचं मत आम्ही लपवत नाही. द्राक्षाला भाव हवाच. पण गावात दारूचं दुकान असावं की नसावं, हे त्या गावच्या बायांनी ठरवावं. त्यासाठी मतदानाची सोय आपल्या राज्यात आहे. नोंदलेल्या मतदार बायांपैकी निम्म्याहून जास्तजणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. हे हत्यार आपल्या हातात आहे, ते विसरू नका.

पण आज आम्हाला बोलायचं आहे ते नावाबद्दल. बाटलीवर एका विधवेचं नाव आलं, एका आईचं आलं. मळ्यात घडांची विरळणी करणाऱ्या, उन्हात वाकून मणी कमी करणाऱ्या बायांची नावं कुठे असतात? आणि लांब कशाला जायचं? आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गाड्या निघतात. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात. तोडणी दोघांची, मोळ्या वाहणं दोघांचं. उचल मात्र नवऱ्याच्या नावावर. दोन माणसं, एक कोयता आणि वहीत एकच नाव.

बदल होतो आहे, हेही खरं. 1994 मध्ये महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात बदल करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. 2005 मध्ये तो देशभर झाला. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. पण कागदावरचा हक्क आपण मागितल्याशिवाय पदरात पडत नाही.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा खेळ आपल्या पद्धतीनं खेळून पाहा. बीडजवळची खजाना विहीर तुम्हाला माहीत आहे. निजामशाहीच्या काळात सलाबतखानानं ती बांधली, हे नाव सगळ्यांना पाठ आहे. तिचा दगड कुणी वाहिला, माती कुणी उपसली, ते कुणी लिहिलं नाही. आपल्या गावातही एखादी बारव असेल, पडकी गढी असेल, दुष्काळात बायांनी रोजगार हमीवर खोदलेला पाझर तलाव असेल. शाळेतल्या मुलीला बरोबर घ्या. मोबाइलच्या नकाशावर त्या जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. ते गटाच्या वहीत लिहा. मग गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा : या जागेवर काम कुणी केलं? मजुरी काय मिळाली? तेव्हा तुमच्याबरोबर कोण कोण होतं? सगळी नावं लिहा, माहेरच्या नावासकट. खणू नका आणि जुन्या वास्तूला धक्का लावू नका.

ऊसतोडीला जायच्या आधी हे काम करा, कारण गाड्या निघाल्या की अर्धं गाव रिकामं होतं. मागे राहिलेल्या आजीबाई पुढच्या वर्षी भेटतीलच असं नाही. वही भरली की आमच्याकडे पाठवा. त्यातली नावं आम्ही रेडिओवरून एक एक करून वाचून दाखवू.