भुशाची ऊब

दिवाळीच्या पहाटे ज्यांच्या घरी बंब पेटत असे, त्यांना विस्तवाची किंमत सांगावयास नको. कित्येक घरांत भुशाची शेगडीही असे. मधोमध बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरावयाचा, बाटली अलगद उपसून घ्यावयाची आणि खालच्या भोकातून विस्तव लावावयाचा. दाबलेला भुसा सावकाश जळतो, हे आपल्या गृहिणी जाणून होत्या. त्याच भुशाने दूर अमेरिकेतील घरे कशी उबविली, त्याची ही हकीकत.

थंड मुलखात शेगडीची निवड हा संसारातला मोठाच प्रश्न. उघड्या शेकोटीची बरीचशी ऊब धुराड्यावाटे निघून जाते, म्हणून फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७४२ च्या सुमारास लोखंडी शेगडी काढली. देऊ केलेले पेटंटही त्याने नाकारले. पुढे कोळसा आला, तेल आले आणि लाकूड मागे पडले. पण १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल अडविले, काही महिन्यांत भाव चौपट झाले आणि लोक पुन्हा लाकडाकडे वळले. मग धूर इतका माजला की १९८८ साली सरकारला नव्या शेगड्यांवर निर्बंध घालावे लागले.

दरम्यान वॉशिंग्टन राज्यातील जेरी व्हिटफील्ड या विमानविद्येच्या इंजिनिअरने घरगुती पेलेट स्टोव्ह सिद्ध केला होता. पेलेट म्हणजे वाळविलेला भुसा दाबून केलेल्या, सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्यांत डिंक घालावा लागत नाही. लाकडातलेच लिग्निन उष्णतेने मऊ होऊन भुसा सांधते. शेगडीच्या पेटीतून एक मळसूत्री दांडा कांड्या थोड्या थोड्या आत सोडतो, पंखा वारा घालतो. धूर अगदी थोडा, राख चिमूटभर!

पण दांडा आणि पंखा दोन्ही चालतात विजेवर. २० जानेवारी १९९३ रोजी त्याच वॉशिंग्टन राज्यात वादळ झाले आणि लाखो घरांची वीज गेली. अशा वेळी पेटी काठोकाठ भरलेली असली तरी बॅटरीची सोय नसलेला पेलेट स्टोव्ह थंडच पडणार. साधी लाकडाची शेगडी मात्र जळत राहणार.

तेलाचे मिंधेपण गेले, धूर गेला, पण विजेचे मिंधेपण आले. शेगडी किती ऊब देते हे सारेच विचारतात. ती कोणाच्या भरवशावर जळते, हेही घरच्या वडीलधाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे.