पहिल्या गाण्याच्या आधीचे चार आकडे

कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घ्या. मर्सी नदीवरून येणारा वारा आज कान कापतोय. लिव्हरपूलची दुपार, 1962 चा डिसेंबर, आणि तुम्ही मॅथ्यू स्ट्रीटवर उभे आहात. नावाला स्ट्रीट, प्रत्यक्षात उंच गोदामांमध्ये चेपलेली बोळ. गोदामं फळांची आणि भाजीपाल्याची. खोकी उतरताहेत, हमाल ओरडताहेत, नासकं फळ पायाखाली आलं की बूट सरकतोय. त्यातूनच एक रांग दहा नंबरच्या दाराशी लागली आहे. टाइपरायटर झाकून आलेल्या मुली, दुकानांत काम करणारी पोरं, शाळा बुडवून आलेली दोन-चार. काही मुलींच्या डोक्याला रुमाल आहे आणि रुमालाखाली केसांत रोलर्स. ते आत गेल्यावर, अगदी आयत्या वेळी सोडायचे. एवढ्या मेहनतीने वळवलेले केस या वाऱ्याला कोण देणार?

एक शिलिंग हातात तयार ठेवा आणि उतरा. 18 दगडी पायऱ्या, दोघं शेजारी चालतील एवढीही ऐसपैस जागा नाही. निम्म्या वाटेवर वास तुम्हाला गाठतो. जंतुनाशक, सडकी फळं, सिगारेटी, तुंबलेली मोरी आणि शेकडो अंगांचा घाम. नाक दाबू नका. दोन मिनिटांत सवय होते आणि मग तो वास तुमचाच होऊन जातो. कोटात, केसांत, रुमालात मुरतो. मुलगी जेवणाच्या सुट्टीत कुठे गेली होती, हे दुपारी तिच्या साहेबाला न विचारता कळतं.

खाली कॅव्हर्न क्लब. विटांचे तीन लांबट बोगदे, कमानींमधून एकमेकांत उघडणारे, आणि मधल्या बोगद्याच्या टोकाला बुटकं स्टेज. खिडकी नाही. दारू मिळत नाही. कॉफी, कोक, सूप, सँडविच. वर थंडीने दात वाजत होते, इथे कोट काढायला हात हलवायची सोय नाही. भिंतींवरून पाणी ओघळतंय. तो माणसांचा श्वास आणि घाम आहे, थंड विटांवर जाऊन पाणी झालेला. छताच्या चुन्याचे पापुद्रे सुटून तुमच्या डोक्यावर पडताहेत. नाचायचं तर जागेवरच पाय आपटत. पोरांनी त्यातूनच आपला एक नाच बसवलाय, कारण गिरकी घेतली तर शेजारणीचं सूप सांडेल.

पुढच्या मुली गाण्यांच्या फर्माइशींच्या चिठ्ठ्या थेट स्टेजवर सरकवताहेत. तिथली चार पोरं, म्हणजे बीटल्स, त्या वाचून दाखवतात, थट्टा करतात, मधेच काहीतरी खातात. ओलाव्याने अँप्लिफायर बंद पडणं इथे नित्याचं. तो सुरू होईपर्यंत गप्पा चालू. आणि मग डावखुरा, गोल चेहऱ्याचा पॉल माइककडे वाकतो आणि आकडे मोजतो. वन, टू, थ्री... चौथा आकडा तो म्हणत नाही, भिरकावतो. पुढच्या क्षणी बेस गिटार तुमच्या पोटात वाजते. कानांत नंतर पोचते.

हे मोजणं तुमच्यासाठी नाही, हे लक्षात घ्या. या गोंगाटात स्टेजवरच्यांना स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही. चौघांनी एकाच क्षणी तुटून पडायचं तर कोणीतरी मोजायला हवं. पण गर्दीचंही अंग त्या आकड्यांना सरावलंय. ‘टू’ला टाचा उचलल्या जातात, ‘थ्री’ला श्वास रोखला जातो. गाणं सुरू होण्याआधीच तुम्ही त्यात असता. हे गाणं नवं आहे. पॉलच्या फोर्थलिन रोडवरच्या घरात, पुढच्या खोलीत, पॉल आणि चौघांतल्याच जॉनने शाळेच्या वहीत लिहून पुरं केलेलं. बेसची चाल पॉलने चक बेरीच्या एका गाण्यातून उचलली, हे पुढे त्याने स्वतःच मोकळेपणी सांगितलं.

याच दिवसांत लंडनहून एक सभ्य, उंच गृहस्थ हे तळघर पाहून गेले. ईएमआयचे निर्माते जॉर्ज मार्टिन. या पोरांची पहिली एलपी इथेच, या गर्दीसकट ध्वनिमुद्रित करावी असं त्यांच्या मनात होतं. पण या विटांच्या बोगद्यात आवाज असा घुमतो की मायक्रोफोनला त्यातून काही वेचता येऊ नये. बेत सोडावा लागला. मग प्रश्न उरला: ही ऊब रेकॉर्डवर न्यायची कशी?

चला, लंडनला. 11 फेब्रुवारी 1963, सकाळचे दहा, ॲबी रोड. इंग्लंड बर्फाने गारठलेलं आहे. स्टुडिओ नंबर दोन उंच, मोठा आणि स्वच्छ. पावलांचा आवाज ऐकू येतो इतका रिकामा. वरच्या मजल्यावर काचेआड जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथ. खाली चार पोरं, सिगारेटी आणि घशाच्या गोळ्या. जॉनला सर्दी झाली आहे; तो दर दोन गाण्यांमध्ये खोकतो आणि तुम्हालाच धास्ती वाटते. आज एका दिवसात दहा गाणी उरकायची आहेत. टेपवर ट्रॅक दोनच, त्यामुळे पुढे जोडाजोड करायला फारशी जागा नाही. जे वाजेल ते वाजलं.

तळघरातलं गाणं लवकरच येतं. अजून त्याचं कामचलाऊ नाव ‘सेव्हन्टीन’. पहिल्याच खेपेला ते झकास जमतं. तरी मार्टिन आणखी घ्यायला लावतात. काही खेपा मधेच तुटतात, सूर सांडतो, कोणी चुकतो. नवव्या खेपेला पॉल मोजतो, आणि तुमच्या टाचा आपोआप उचलल्या जातात. हा या गार खोलीतला आवाज नव्हे. वैतागून, पेटून, दात-ओठ खाऊन मोजलेले हे आकडे थेट त्या 18 पायऱ्यांखालून आलेले आहेत.

वादन पहिल्या खेपेचं सरस, मोजणं नवव्या खेपेचं. मार्टिनचा थोर निर्णय इथे आहे. गाण्याआधीचं मोजणं म्हणजे वादकांची अंतर्गत बाब. रेकॉर्डवर जाण्याआधी ती छाटून टाकायची, हा रिवाज. त्यांनी उलट केलं. नवव्या खेपेचे आकडे कापून पहिल्या खेपेला चिकटवले आणि ती जोड एलपीच्या अगदी तोंडाशी ठेवली. मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम एवढ्याशा टेपच्या तुकड्यात आहे. पुढच्याच वर्षी हीच पोरं एका झणझणीत कॉर्डने एलपी उघडतील, 1965 मध्ये बॉब डिलनची एलपी ड्रमच्या एका फटक्याने उघडेल. पण तिथे दारावर कोणीतरी थाप मारतं. इथे आत येण्यासाठी तुमची वाट पाहिली जाते, चार आकडे.

दुपारनंतर या गाण्यावर टाळ्यांची भर घालायची आहे. तुम्हीही या, उभे राहा. तळवे लाल होईपर्यंत वाजवा; गर्दी नाही तर गर्दीची जागा आपणच भरायची. रात्री सगळ्यात शेवटी जॉन उरलासुरला घसा एका गाण्यावर खर्च करतो. घड्याळात पावणेअकरा.

आता मार्च सरत आलाय. लिव्हरपूलच्याच एका घरात, बैठकीच्या खोलीत, तुम्ही गालिच्यावर मांडी घालून बसला आहात. एलपी महाग, म्हणून मैत्रिणींनी वर्गणी काढून आणली आहे. प्लेअर गरम झाल्यावर तापलेल्या धुळीचा वास सुटलाय, स्वयंपाकघरातून तळलेल्या बटाट्यांचा. तबकडी फिरायला लागते. पिन सगळ्यात बाहेरच्या खाचेत टेकवा, हलक्या हाताने. तिथेच तबकडी सगळ्यात वेगाने पळते, सेकंदाला जवळजवळ अर्धा मीटर. आत लेबलजवळ वेग निम्म्यावर येतो आणि आवाजातली धारही थोडी बोथट होते. म्हणजे पहिल्या गाण्याला तबकडीतली सर्वांत चांगली जागा मिळते. ती जागा भरून काढेल असं काही तिथे हवं.

खरखर. मग पॉलचा आवाज, आकडे. तुमच्या शेजारची मुलगी कधी कॅव्हर्नच्या पायऱ्या उतरलेली नाही; तिच्या घरी ते चालत नाही. तरी ‘थ्री’ला तिचा श्वास अडकतो आणि चौथ्या आकड्याला ती उभी राहते. तीन मिनिटांच्या आत गाणं संपतं, दुसरं सुरू होतं, आणि चार हात एकदम पिनकडे जातात. परत पहिलं! आतून आई ओरडतेय, आवाज कमी करा म्हणून. गालिचा गुंडाळा, खुर्च्या भिंतीला लावा, आणि पिन ठेवणारीला जरा वाट द्या.